यंदा मूर्ती कुणी सांगायची

वहिनी गेली, हे मला अण्णानं कळवलं नाही. गावातल्या शेजाऱ्याचा फोन आला, "लवकर ये, वहिनी गेल्या." सख्खा भाऊ असून परक्याच्या तोंडून कळलं, याचाच मला आधी राग आला. रडू नंतर आलं. आता दीड महिना झाला, पण तो पहिला राग आठवला की माझी मलाच लाज वाटते...

आमचं गाव गुंजीजवळ. मी नोकरीमुळं बेळगावात, खासबागेत राहतो. घरं वेगळी झाली तरी गणपती एकच, गावातला, थोरल्याच्या, अण्णाच्या घरी. चतुर्थी आली की सगळे तिकडं गोळा, आणि गोळा झालो की दोन तासांत कुरबुर सुरू. कुणाला मान मिळाला नाही, कुणाच्या पोरानं फटाके फोडले, काहीही पुरायचं. वहिनी कुणाची समजूत काढायची नाही. भांडणाऱ्याच्या पुढ्यात विळी आणि नारळ ठेवायची. "भांडा की भावजी, कोण नको म्हणतंय? पर खोबरं खवत भांडा." बोटं सांभाळायची तर आवाज आपोआप खाली यायचा. मी तापट माणूस. त्या घरात सगळ्यात जास्त नारळ मीच खवले असतील.

गेल्या वर्षी मात्र तिचा नारळही चालला नाही. बायकोला बँकेतनं रजा मिळाली नाही, म्हणून आम्ही ऐन सणादिवशी सकाळी पोचलो. बायको पदर खोचून स्वयंपाकघरात शिरत होती, तेवढ्यात अण्णा सगळ्यांदेखत म्हणाला, "तू कशाला गं हात लावतीस? पाव्हणी न्हवं का तू? ताटावर बस." ती बिचारी दारातच थांबली. माझं डोकं फिरलं. नको नको ते बोललो आणि आरतीआधी गाडी काढली. जाताना ओरडलो, "पुढच्या वर्षी माझा गणपती खासबागेत." आमच्याकडं गणपती वेगळा करणं म्हणजे भाऊपण संपवणं. हे बोलणाऱ्यालाही माहीत होतं आणि ऐकणाऱ्यालाही.

वर्षभर अण्णाचा फोन नाही, माझाही नाही. हट्टानं मी आषाढातच खासबागेत मूर्तिकाराकडं मूर्ती सांगितली, तीही चांगली मोठी, गावातल्या मूर्तीपेक्षा हातभर उंच. वहिनीच्या कानावर कसं गेलं कोण जाणे. तिचा फोन आला.

"मूर्ती सांगितली म्हणं खासबागेत. व्हय?"

"व्हय."

मग म्हणाली, "बरं झालं. येताना घाटी रस्त्यानं नका येऊ, लई खड्डे हाईत."

मी उखडलो. तिकडं कोण येतंय, म्हणालो आणि फोन ठेवला. तेच आमचं शेवटचं बोलणं. श्रावणात एका सकाळी ती चुलीपुढं बसल्या जागी कलंडली.

तेराव्यापर्यंत मी गावात होतो. अण्णा आणि मी एकाच ओसरीवर बसत होतो, पण निरोप पोरांकरवी. तेरावं आटोपून मी परत आलो. चतुर्थीच्या आदल्या दिवशी पुतणीचा, शुभाचा फोन आला. "काका, आईनं यंदा मूर्ती सांगितलीच न्हाय. मी आणायला गेलते तर मूर्तिकार म्हणाला, 'धाकटे घेऊन येणार हाईत, तुम्ही मूर्ती नका करू, असं म्हणून गेल्यात वहिनी.' अण्णास्नी अजून सांगितलं न्हाय मी."

मी खुर्चीवर बसूनच राहिलो. माझ्यासारख्या हेकट माणसाच्या भरवशावर या बाईनं घरचा देव सोडला होता! मी गेलो नसतो तर? आणि मी जाणार नव्हतोच, हे मी कुणाला सांगू? तिची खात्री होती की तिनं मला पेचात धरलं, हे अजून कळत नाही. रोज उठून तेच डोक्यात फिरतं.

सकाळी मूर्ती घेऊन आम्ही दोघं निघालो. खड्ड्यांचा रस्ता सोडून लांबचा धरला. दारात गाडी थांबली तेव्हा अण्णा पायरीवर बसला होता. मला एकट्याला मूर्ती उचलेना. बायको पुढं झाली, तसा तो उठला. "थांब गं, तुला न्हाय झेपायचं," म्हणत त्यानं पाटाची दुसरी बाजू धरली.

"एवढी मोठी कशाला सांगितलीस रं?"

"तुझ्यावरच्या रागानं," मी खरं ते सांगून टाकलं.

आम्ही पावलं मोजत उंबरा ओलांडला. आत येताच अण्णानं सवयीनं मान वळवली आणि स्वयंपाकघराकडं हाक दिली, "अगं, ह्यो आलाय बघ. चहा टाक."

आतून उत्तर आलं नाही. अण्णा जिथल्या तिथं थांबला, म्हणून मीही थांबलो. चारही हात मूर्तीखाली अडकलेले. डोळे पुसायला कुणाचाच हात मोकळा नव्हता.