पंख्याची भिंत

आमच्या हिच्या मामांइतका चिवट माणूस उल्हासनगरपासून बदलापूरपर्यंत दुसरा सापडायचा नाही, आणि सापडलाच तर कृपा करून मला कळवू नका. एक मला पुरे आहे. मामा अंबरनाथला राहतात, कारखान्यातून निवृत्त झाले आहेत, दात अजून स्वतःचे आहेत, आणि बोलायला त्यांना जगात एकच विषय आहे: उल्हासनगरच्या कॅम्प दोनमधली एक पत्र्याची शेड. तिथे जीन्स शिवायचे. पण निर्वासितांचे कॅम्प वसायच्या कितीतरी आधी, तिथे नुसतं माळरान असताना, कुणा हौशी गोऱ्या साहेबाने ती शेड घातली आणि विमानांचे लाकडी पंखे करायला घेतले. विमानं तेव्हा नुकती कुठे उडायला लागली होती. ते पंखे तासणाऱ्या सुतारांत मामांचे आजोबा होते. त्या पंख्यांनी एखादं विमान खरंच उडालं का, असं मी लग्नानंतरच्या पहिल्याच दिवाळीत विचारून बसलो. मामांनी हातातली चकली ताटात ठेवली. "जावईबापू, उडालं नसतं तर साहेबाने आजोबांना दुसरा पंखा करायला सांगितला असता का?"

अंबरनाथचं शिवमंदिर बघायला लोक कुठून कुठून येतात. मामांचे पाहुणे मात्र रिक्षातूनच हात जोडायचे, कारण पुढे शेड गाठायची असायची. माझ्या मेहुणीला बघायला कर्जतहून मंडळी आली होती. कांदेपोहे झाले, मुलगी पसंत पडली, आता बोलणी सुरू करायची, तेवढ्यात मामांनी मुलाच्या वडिलांना उचललं आणि रिक्षात घातलं. ते परत आले तेव्हा इकडे बशा विसळून झाल्या होत्या, आणि त्यांच्या पांढऱ्या सदऱ्यावर जीन्सचा निळा भुसा बसला होता. लग्न जमलं म्हणा, पण ते व्याही अजूनही मामा दिसले की आधी चपला शोधतात. लाकूड दिसलं की मामांना ठोकून बघितल्याशिवाय राहवत नाही. बदलापूरला आमच्या नव्या फ्लॅटची वास्तुशांत चालू असताना त्यांनी दार ठोकलं आणि गुरुजींच्या देखत जाहीर केलं, "पोकळ आहे. यात भुसा भरलाय." गुरुजींचा मंत्र चुकला. हिचं तोंड संध्याकाळपर्यंत फुगलेलं, आणि बोलणी कुणी खाल्ली? मी!

बरं, त्या शेडमध्ये बघायचं काय, तर एक विटांची, गिलावा केलेली भिंत. मशिनांच्या मागे, कापडाच्या ताग्यांच्या आड. सुतारांनी पंख्याचं पातं खऱ्या मापाने भिंतीवरच काढून ठेवलं होतं, गेरूने. कुठे जाड, कुठे पातळ, पीळ कुठून द्यायचा, सगळं. पातं तासायचं आणि भिंतीला लावून बघायचं, अशी त्यांची पद्धत. साहेब गेला, पंखे गेले, हत्यारं गेली, राहिली ती भिंत. तिच्यासमोर मी किती रविवार उभा राहिलो ते माझं मला ठाऊक. आणि फोटो? फोटो काढायचा नाही! "गाभाऱ्यात फोटो काढता का?" म्हणून मामा मोबाइल खाली करायला लावायचे. साधा माणूस असता तर शंभर फोटो काढून ग्रुपवर टाकले असते आणि आम्ही सुटलो असतो.

मग एक दिवस शेडचे मालक म्हणाले की बिल्डर मागे लागलाय. हे शेठ म्हणजे सिंधी माणूस, स्वभावाने गुळाचा खडा. मामांची वर्षानुवर्षांची वर्दळ त्यांनी हसत सोसली होती. "चाचाजी, कोई बड़ा आदमी आके बोल दे कि दीवार काम की है," ते म्हणाले, "तो साईं, मैं हाथ नहीं लगाऊँगा." झालं! मामांचं जेवणात लक्ष लागेना. रोज सकाळी मला फोन, "कुणी मोठा माणूस मिळाला का?" जसा काही मी मोठी माणसं विकायलाच बसलोय. शेवटी मुंबईचे एक जुन्या वास्तूंचे अभ्यासक माझ्या हातापाया पडण्याला कंटाळून यायला कबूल झाले.

त्या रविवारी मामांनी ठेवणीतला कोट घातला. शेठ दारातच उभे, सिंधी रीतीप्रमाणे हातात पापड आणि पाण्याचं तबक. अभ्यासकांना घेऊन आम्ही ताग्यांना वळसा घालून आत गेलो. भिंत पिस्ता रंगाची झाली होती. "चाचाजी!" शेठनी दोन्ही हात पसरले. "आपका मेहमान पहली बार आ रहा है, और दीवार ऐसी गंदी? सब घिसवा के, पुट्टी मार के, एकदम नया कर दिया!" त्यांचा चेहरा कसा फुलला होता! पाहुणा येणार म्हटल्यावर भिंती आपणही रंगवतोच की.

भर वास्तुशांतीत गुरुजींना न जुमानणारा माणूस, आता शेड डोक्यावर घेणार! मामा भिंतीजवळ गेले, तिच्यावर तळहात ठेवून जरा उभे राहिले. मग वळून म्हणाले, "अच्छा रंग है, शेठ. बहुत अच्छा किया आपने." आणि तबकातला पापड घेऊन खाल्ला. अभ्यासकांनी हळूच विचारलं, एखादा फोटो असेल का. मामा म्हणाले, "नाही." ते भले गृहस्थ दहा मिनिटं बसून गेले.

परतताना रिक्षात माझाच संताप मावेना. "मामा, एक शब्द तरी बोलायचा होता त्यांना!"

"काय बोलू? त्या माणसाने आपल्या पाहुण्यासाठी केलं." मग ते माझ्याकडे वळले. "जावईबापू, पीळ कुठून सुरू व्हायचा, आठवतंय तुम्हाला?"

मला ते कधी लक्षात ठेवायचंच नव्हतं हो! पण मी बोटाने मांडीवर पातं काढायला लागलो, तर सगळं येत गेलं. बुंधा, मग जाडी, मग पीळ. मामा वाकून बघत होते. "थोडं अलीकडे," ते म्हणाले आणि माझं बोट धरून त्यांनी सरकवलं. "हं. इथून." अंबरनाथ आलं तरी त्यांनी ते बोट सोडलं नाही, आणि मीही सोडवून घेतलं नाही.