हात लावायचा नाही

माझ्या आजीला अख्ख्या वाडीने मारलं, आणि कुणी तिच्या अंगाला बोटसुद्धा लावलं नाही.

आज आईला जाऊन एक वर्ष झालं. पोस्ट आईवर लिहायची होती, पण आईचं काहीही सांगायचं तर सुरुवात तिथूनच होते.

आमच्या घरात अबोला धरायला बंदी होती.
भांडा, ओरडा, ताट आपटा, सगळं चालायचं. मी आणि दादा तासभर गप्प बसलो की आई हातातलं काम टाकून मध्ये येऊन बसायची.
"शिव्या दे त्याला. पन बोल."
मैत्रिणींना याचं भारी हसू यायचं. मलाही यायचं, कारण त्यामागची गोष्ट माहीत नव्हती.

ते तिने मला सांगितलं फार उशिरा. एकदाच.

बेचाळीस साल. हिर्डोशीच्या वरच्या अंगाला, वरंधा घाटाकडे आईची वाडी. नाव लिहीत नाही, तिथे अजून माणसं राहतात. आई नऊ-दहा वर्षांची असेल.
चळवळीतली दोन पोरं वाडीच्या वर, रानातल्या गोठ्यात लपली होती. पोलीस आले. त्यांनी माझ्या आजोबांना धरलं, बडवलं आणि पुढे घातलं.
आजोबांनी वाट दाखवली.

पोरं पकडली गेली. त्याच संध्याकाळी माणसं काठ्या आणि पलिते घेऊन आजोबांच्या दारात उभी राहिली.

भोरहून एक मास्तर वाडीत यायचे. खादीवाले, सूत शिकवायचे. माणूस खरंच चांगला, आईही तसंच म्हणायची. ते त्या दिवशी वाडीतच होते. धावत आले आणि दारात आडवे उभे राहिले.
"आधी मला मारा," म्हणाले. "आपला मार्ग अहिंसेचा आहे. या घराला कुणीही हात लावायचा नाही."
मग सगळ्यांना देवळात नेलं आणि बेलभंडारा उचलायला लावला. आमच्याकडे बेलभंडारा उचलून घेतलेली शपथ म्हणजे काळ्या दगडावरची रेघ.

दोन दिवसांनी मास्तरांनाही अटक झाली. शपथेचा अर्थ नीट विचारायला माणूसच राहिला नाही.

आणि वाडीने शब्द पाळला.

भातकापणी सुरू होती. आजी पोटुशी. भाताचा भारा बांधून झाला की तो डोक्यावर चढवायला दुसरं माणूस लागतं. आजीने शेजारच्या शेतातल्या बायकांना हाक मारली.
"जरा हात लावा की गं."

मराठी वाचणाऱ्याला इथे अजून काही सांगायला नको.

बायका एकमेकींकडे बघत राहिल्या. मग एक म्हणाली, "बेलभंडारा उचललाय बाई. तुमास्नी हात लावायचा न्हाई."
ते त्या बाईचं आजीशी शेवटचं बोलणं. आधी हात थांबले, मग हळूहळू बोलणंही थांबलं. आजी भारा बांधावर टेकवून, खाली बसून, एकटीच उठायची. रोज.

दिवस भरायच्या आधीच तिला कळा सुरू झाल्या. आई सुईणीला बोलवायला पळत गेली.
सुईण आली, पण अंगणापर्यंतच. दोन्ही हात पदरात गुंडाळून उभी राहिली.
"रडत व्हती," आई म्हणाली. "रडली, पन आत आली न्हाई."

रक्त थांबेना. आजोबांनी घोंगडीची डोली केली. डोलीला दोन खांदे लागतात. एका टोकाला आजोबा, दुसऱ्या टोकाला आई. आईचा खांदा तो केवढा! दांडी कलायची आणि आजी घसरत आईच्या अंगावर यायची. आजोबा वाकून चालायला लागले, तरी कलायचीच.
वाडी दारात उभी राहून बघत होती. कुणी शिवी दिली नाही, दगड मारला नाही.

ओढ्यापाशी आजी गेली. पोटातलं बाळही गेलं.

तुरुंगातून सुटल्यावर मास्तर आले. सगळं ऐकून उंबऱ्यावरच बसले. आजोबांनी त्यांना पाणी दिलं.
"मारू नका, एवढंच म्हणायचं होतं मला."
आजोबा म्हणाले, "मग तसंच म्हनायचं व्हतं, मास्तर."

मास्तर पुन्हा त्या वाडीत आले नाहीत.

मी सवयीप्रमाणे आईला समजावायला गेले. निदान घर जाळलं नाही, निदान मारहाण झाली नाही, वगैरे.
आई शांतपणे म्हणाली, "मारलं असतं तर बरं झालं असतं. मारायला तरी कुनी जवळ आलं असतं."


आता शेवटचं.
आई गेली त्याच्या आदल्या वर्षी आमच्या सोसायटीत रिडेव्हलपमेंटचा वाद झाला. एका कुटुंबाने सही दिली नाही. मीटिंगमध्ये आवाज चढले, तेव्हा आमचे चेअरमन ग्रुपवर म्हणाले, "भांडण नको. शांततेने घेऊ. फक्त त्यांच्याशी कुणी बोलू नका."
खाली नमस्काराच्या हातांची रांग लागली.
मी ते आईला वाचून दाखवलं. ती काठी घेऊन उठली आणि त्यांच्या घरी जाऊन बसली. मग रोज जायला लागली, कधी डब्यात लाडू, कधी नुसत्या गप्पा.
काही उपयोग झाला नाही. दिवाळीआधी ते फ्लॅट विकून गेले.
सामानाचा टेम्पो निघाला तेव्हा आई खिडकीत होती. "गेले का?" तिने विचारलं. "कुनी हात न्हाई ना लावला त्यांना?"
मी नाही म्हणाले.
ती आत जाऊन भिंतीकडे तोंड करून झोपली. त्या दिवशी ती माझ्याशी बोलली नाही. आयुष्यात पहिल्यांदा.

वर्ष झालं, आई.
इकडे सगळं शांत आहे. कुणी कुणाला हात लावत नाही.
तुला नमस्कार.