मेणातली गाठ

काऊनकाकांना कारण कळल्याशिवाय चहासुद्धा घशाखाली उतरत नसे. "आज एवढा गोड काऊन केला बे?" असं चहावाल्याला विचारून मगच कप तोंडाला लागायचा. वर्ध्याच्या आमच्या पॅथॉलॉजीच्या प्रयोगशाळेतले ते सगळ्यांत जुने तंत्रज्ञ. खरं नाव हजेरीपटावर होतं. आम्ही तोंडावरच काऊनकाका म्हणायचो आणि त्यांना ते आवडायचंही.

रुग्णाच्या गाठीचा तुकडा मेणाच्या ठोकळ्यात बसवायचा आणि त्याचे कांद्याच्या पापुद्र्याहून पातळ काप काढायचे, हे त्यांचं काम. मी तेव्हा पुण्याहून नवीन आलेली, डॉक्टरकीचा ताठा अंगात मुरलेला. एकदा फटकन बोलले, "काका, काप द्या, प्रश्न नकोत." ते शांतपणे म्हणाले, "काप देतोच, मॅडम. पन काय कापून राह्यलो ते मले कळू नाई का?" मी अशी खजील झाले की त्या दिवसापासून रोज शिकवणी सुरू झाली. आता खरं सांगायचं तर शिकले मीच जास्त.

लहान मुलांच्या पोटात होणाऱ्या एका कर्करोगावर माझं काम चाललं होतं. काकांचा प्रश्न ठरलेला. "बिघडलेली पेशी आपली आपन मरते, असं तुमीच म्हनता. मंग ह्या मरत काऊन नाई?" मी सांगितलं, की पेशीला 'आता मर' असं सांगणारं एक जनुक असतं. ह्या गाठींत पुष्कळदा ते शाबूत असतं, पण त्यावर बारीक रासायनिक खुणा चिकटतात आणि पेशीला ते वाचताच येत नाही. काकांनी चष्मा वर सारला. "म्हंजे पान फाटलं नाई, डिंकानं चिकटलं. मंग डिंक लावला कोनं?"

त्यांना हे एवढं का खुपत होतं, ते निवृत्तीला दोन महिने उरले तेव्हा कळलं. साठवणीच्या खोलीतून एक पिवळा पडलेला ठोकळा त्यांनी माझ्या टेबलावर ठेवला. "ही आमची लेक. तीन वर्सांची होती." बावीस वर्षांपूर्वीची गोष्ट. ती पोटात असताना काकूंनी ग्रहणात वांगी चिरली होती. पोर गेली आणि सगळ्या घरादारानं काकूंकडे बोट दाखवलं.

"ग्रहणाचा काय संबंध, काका? काहीतरीच!" मी उसळले.

"तुमी म्हनता ते ठीक. पन मले पाह्यचं हाय. ठोकळ्यात गाठ हाय, तिच्या बाजूचा चांगला भागबी हाय. बिघाड आईच्या पोटातूनच आला असंल, तं डिंक दोन्हीकडं दिसंल ना?"

मी बघतच राहिले. पदवी नसलेल्या माणसानं मला प्रयोग आखून दिला होता!

रीतसर परवानगी काढून तपासणी लावली. पहिल्या खेपेला काहीच वाचता आलं नाही. डीएनएचे नुसते तुकडे. मेणात बसवण्याआधी तुकडा फॉर्मॅलिनच्या द्रावणात फार दिवस पडून राहिला की असं होतं. मी चिडून म्हणाले, "कोणत्या गाढवानं हा इतके दिवस ठेवला होता?"

"तो गाढव मीच," काका म्हणाले. "आठ दिवस कापाले हातच उचलला नाई, मॅडम."

मला माझीच जीभ हासडून टाकावीशी वाटली. मग जनुकाचा अगदी छोटा भाग निवडून पुन्हा बसले. दुसरी खेप वाया गेली. तिसऱ्या खेपेला जमलं. गाठीत ते जनुक चिकटून बंद होतं आणि शेजारच्या चांगल्या भागात मोकळं. काका पडद्यावरच्या रेषांकडे कितीतरी वेळ बघत होते. "गाठीतच हाय. बाहेरून नाई," ते पुटपुटले. मग म्हणाले, "तिले तुमीच सांगजा. माह्या तोंडून तिले खरं नाई वाटनार."

रविवारी हिंगणघाटला त्यांच्या घरी गेले. काकू पदराला हात पुसत समोर बसल्या. मी काकांचंच डिंकाचं उदाहरण देऊन सगळं सांगितलं. त्यांनी एकच विचारलं, "वांग्याचं काईच नाई?"

"काहीच नाही, काकू."

त्या काकांकडे वळल्या. "बावीस वर्सं तुमी मले एकदाबी दोष देल्ला नाई. पन 'तुहा दोष नाई' असंबी कधी म्हनलं नाई."

जगाला 'काऊन' विचारणारा माणूस मान खाली घालून बसला. "मले मालूम नव्हतं," एवढंच बोलले आणि ढसाढसा रडायला लागले. काकूंनी उठून त्यांच्या पाठीवर हात ठेवला. माझ्याही डोळ्यांना धार लागली होती, लपवून काय उपयोग?

मागच्या वर्षी काका गेले. डिंक सोडवणारी औषधं शोधणं चालू आहे, अजून पुरतं जमलेलं नाही. पण लेकराचा रिपोर्ट घेऊन एखादी आई माझ्यासमोर बसली, की तिनं विचारायची वाट मी बघत नाही. "बाई, तुमच्या हातून काही झालेलं नाही," हे आधी सांगते. आजाराचं नाव त्यानंतर.