गंजीची पाठमोरी बाजू

फेलिक्सा लग्न होऊन नारेव नदीच्या काठी आली तेव्हा ती इतकी किडकिडीत होती की सासूने तिला सरळ गंजीवर चढवलं. झेनॉन खालून दाताळ्याने गवत फेकायचा आणि ती वर तुडवायची. पुढे ती चांगली भरली, सासू गेली, पण दोघांच्या जागा काही बदलल्या नाहीत. मधल्या खांबाच्या शेंड्यापर्यंत गवत पोचलं की झेनॉन खालून विचारायचा, "उतरतेस, का वरच संसार थाटतेस?" मग ती घसरत यायची आणि तो झेलायचा.

आमच्या नदीला धड एक पात्र नाही, आणि काठच्या कुरणात पाय ठेवला तर घोटाभर पाणी. म्हणून उन्हाळा सरताना गवत कापून तिथेच गंजी रचायची आणि दलदल गोठली की घसरगाडीवर घालून घरी आणायची. खोरं राखीव झालं तसा पाखरांना मान आला. पिल्लं उडाल्याशिवाय कुरणाला हात लावायचा नाही. माणसांची पिल्लं त्याआधीच शहरात उडून गेली होती, त्यांची कुणी नोंद ठेवली नाही.

झेनॉन ईस्टरच्या आधी गेला. मुलगा राडेक म्हणाला, गाय विकून टाक आणि माझ्याकडे ये. फेलिक्साने अट घातली. मालिना गाईचं हिवाळ्याचं गवत आपल्या कुरणातून घरी आलं तर ती इथेच राहील, नाही आलं तर निमूट त्याच्याबरोबर जाईल. राडेकला हे मान्य झालं.

पोरगा मनाने चांगला. रजा काढून आला, हाताला फोड येईपर्यंत गवत कापलं, एका जागी ढीग केला आणि तिथूनच दिवसभर वर फेकलं. फेलिक्सा तुडवत राहिली. गंजी सरळ उभी राहिली. ती घसरत खाली आली ती धप्पकन बुडावर. झेलायचं असतं हे बिचाऱ्याला ठाऊकच नव्हतं. ती हसली आणि परकर झटकून उठली.

जानेवारीत बर्फ धरलं तेव्हा मायलेक घसरगाडी घेऊन गेले. पुढचं गवत हिरवट, सुवासिक निघालं. मागच्या बाजूने राडेकने दाताळं घातलं आणि आतून कुबट वाफ आली. खांबापर्यंत सगळं काळं, बुरशी धरलेलं.

"पाणी शिरलं कसं?" तो म्हणाला.

फेलिक्साने हात घातला. कोपरापर्यंत सहज आत गेला. ती बाजू कधी दबलीच नव्हती, सैल गवतात पाऊस झिरपत गेला होता. ती तिथेच उभी राहिली, आणि मग तिला कळलं. झेनॉन गंजीभोवती फिरत फिरत फेकायचा. तो जिकडे जाईल तिकडे ती तोंड करायची, आणि पायांखाली चहूकडचं गवत दबत जायचं. या खेपेला ती दिवसभर लेकाकडे तोंड करून एकाच बाजूला तुडवत होती.

तिने सांगितलं तसा राडेकचा चेहरा उतरला. "मग मला म्हणायचं ना, आई. मी फिरलो असतो."

"मला तरी कुठे माहीत होतं? इतकी वर्षं मला वाटायचं, मी तुडवतेय." तिने हात परकराला पुसला. "मी नुसती त्याच्याकडे बघत होते रे."

राडेकने दाताळं बर्फात खुपसलं. मग म्हणाला, ती अट गेली खड्ड्यात, आपण गवत विकत आणू. तिने नाही म्हणून मान हलवली. गवत कुठेही मिळालं असतं, पण पुढच्या वर्षी त्या गंजीवर उभं राहून बघायचं कुणाकडे?

"चांगलं तेवढं भर," ती म्हणाली. "आणि शेजारच्या लुत्सियानच्या अंगणात टाक. मालिनाला त्याच्याकडे देऊ. नव्या गोठ्यात निदान ओळखीचं खाईल."

फेलिक्सा रडली नाही, असं गावात अजून कौतुकाने सांगतात. खोटं आहे. परतीच्या वाटेवर ती घसरगाडीमागून हुंदके देत चालत होती, आणि पुढे दोर ओढणाऱ्या राडेकने एकदाही मागे वळून पाहिलं नाही, कारण तोही रडत होता.