काडीचा ठोका
काडी हे काही त्याचं खरं नाव नव्हे. पण खऱ्या नावानं कुणी हाक मारली असती तर त्यानं वळून तरी पाहिलं असतं का, शंकाच आहे. वरून पाहावं तर नुसती हाडं. खाली मांड्या मात्र अशा, की त्याच्या आईला प्रत्येक पँट मांडीशी उसवून तिथं जादा कापडाची पट्टी जोडावी लागायची. ती घरी बसून शाळांचे गणवेश शिवायची. वर्षाला शंभर-दीडशे पोरांची मापं घेणारी बाई, पण असलं उफराटं माप तिनं दुसरीकडं पाहिलं नव्हतं. ‘कंबर पाचवीतल्या पोराची आणि मांडी पैलवानाची,’ असं ती येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायची. सूर तक्रारीचा असला तरी कौतुक काही लपायचं नाही.

पंधराव्या वर्षी सायकलच्या शर्यतीचं वेड डोक्यात शिरलं ते शिरलंच. मैदानावर गोल गोल फिरायची शर्यत नव्हे, रस्त्यावरची. शंभर-सव्वाशे किलोमीटर, ऊन, वारा, चढ, आणि शेवटी हाताची बोटं हँडलवरून सुटत नाहीत अशी अवस्था. रोज पहाटे पाचला हा निघायचा तो दहाला घामानं निथळत परत. सख्ख्या मामाच्या लग्नाला गेला नाही, कारण त्या दिवशी चढाचा सराव होता. एकदा तर चेन साफ करायला जुना समजून बापाचा वापरातला टूथब्रश घेतला, आणि बापानं सकाळी तोच तोंडात घातला. आता बाप सिटी बसचा ड्रायव्हर. दिवसभर रस्त्यात सायकलवाल्यांवर हॉर्न वाजवत फिरायचं, आणि पोटी जन्माला यावा तो हा! पण कॉलनीत कुणी विचारलं की त्याची छाती दोन इंच फुगायची, हेही खरं.

त्याला शिकवायचे ते सर एका शाळेत भूगोल शिकवत. एके काळी स्वतः शर्यती मारलेले. अठरा वर्षं पोरांना फुकट तयार करत होते. त्यांचा एक धडा काडीनं अगदी मनावर घेतला होता: दमलेलं तोंड दुसऱ्याला दाखवायचं नाही. तू दमलास हे शेजारच्याला कळलं की तो तिथंच जोर काढणार आणि तुला मागं टाकणार. म्हणून चढावर जीव जात असला तरी हा गडी बाजूच्याकडं बघून हसायचा. घरीही तसाच हसायचा. तो धडा घराच्या दाराशी सोडून यायचा असतो, हे सांगायला मात्र सर विसरले.

सरांचा दुसरा नेम होता नाडी मोजायचा. सकाळी अंथरुणातून उठायच्या आधी मिनिटभर मोजायची. जितकी कमी तितका गडी तयार. काडीला मोजता मोजता परत झोप लागायची, म्हणून ते काम आईनं उचललं. भिंतीवरच्या घड्याळाकडं डोळे, त्याच्या मनगटावर तीन बोटं. आधी पन्नास, मग शेहेचाळीस, मग बेचाळीस. आकडा खाली गेला की मायलेक दोघं खूश. साऱ्या दुनियेत पोराची नाडी मंदावल्यावर आनंदानं चहा टाकणारी ती एकटीच आई असेल.

आणि एका सकाळी नाडी थांबली. थांबली म्हणजे एक ठोका आलाच नाही. तिनं बोटं जरा दाबली, तोवर पुढचा आला, जरा जोरात. नंतर चार-पाच दिवस तिनं नीट लक्ष दिलं. मधेच एक ठोका गायब व्हायचा. ती म्हणाली, अरे, तुझा ठोका चुकतोय. तो डोळे मिटूनच हसला. म्हणाला, आई, ठोका नाही चुकत, तू मोजायला चुकतेस.

तिनं ही गोष्ट सरांच्या कानावर घातली. सर म्हणाले, नाडी कमी असणं चांगलंच, पण वहिनी, ठोका चुकत असेल तर एकदा कार्डिओग्राम काढून घ्या, आणि निवड चाचणीच्या आधीच काढा. चाचणी तीन आठवड्यांवर होती. तीत पहिल्या चारांत आला की देशाच्या संघात जागा. पाच वर्षं त्यानं ज्यासाठी जिवाचं रान केलं, ते हेच.

काडीनं आईच्या हातापाया पडायचंच बाकी ठेवलं. डॉक्टर काही ना काही काढतात, मग चाचणी गेलीच समज. चाचणी झाली की दुसऱ्या दिवशी काढू, तू म्हणशील तिथं काढू. मग त्यानं तिचा हात घेऊन स्वतःच्या डोक्यावर ठेवला.

“बाबांना सांगू नकोस. माझी शपथ आहे तुला.”

ती विरघळली. आईच ती. आठवड्यानं सरांनी विचारलं तेव्हा तिनं तोंड वर करून सांगितलं, की काढला कार्डिओग्राम, सगळं ठीक आहे.

चाचणीच्या दिवशी शेवटच्या चढावर काडी पुढच्या तिघांत होता. मागून जीपमधून येणाऱ्या सरांना वाटलं त्याची चेन उतरली, कारण पाय फिरायचे एकदम थांबले. सायकल हळूहळू कडेला गेली आणि तो गवतात आडवा झाला. पडतानाही कुठं फारसं खरचटलं नाही. गेला तेव्हा विसावं सरून तीन महिने झाले होते.

दवाखान्यात डॉक्टरांनी सांगितलं, हृदयाची भिंत जन्मापासून जाड होती. असं हृदय अति ताणाखाली एकाएकी दगा देतं. कार्डिओग्राम काढला असता तर शंका आली असती. मग त्यांनी विचारलं, आधी कधी काही जाणवलं होतं का? आईबाप शेजारी शेजारी उभे होते. दोघंही एकाच वेळी म्हणाले, नाही.

त्यानंतर घराला जी गप्प बसायची खोड लागली ती लागली. ती मशीनवर बसायची आणि एकाच शिवणीवरून तीनतीनदा सुई फिरवायची. ड्रायव्हर पाळीवर जायचा, परत यायचा, भिंतीकडं तोंड करून पडायचा. तिला वाटायचं, ह्याला कळलंय. मग तिसऱ्या महिन्यात त्यानं सायकल क्लबला पत्र लिहिलं. सरांनी माझ्या पोराला राबवून राबवून मारलं, त्यांना काढून टाका, दुसऱ्या कुणाची पोरं ह्यांच्या हाती देऊ नका. क्लबनं रविवारी सकाळी दहाला बैठक बोलावली.

आता मात्र तिचा जीव टांगणीला लागला. सरांनी कार्डिओग्रामबद्दल कुणापाशी चकार शब्द काढला नव्हता. भेटायला आले तेव्हाही नुसते खुर्चीत बसून रडले. अठरा वर्षं फुकट पोरं घडवणारा माणूस तिच्या एका थापेपायी बदनाम होणार होता. आणि खरं सांगावं, तर पोर गेलंच होतं, नवराही गेल्यात जमा. तिचं तिलाच कळेना की आपण कशाला जास्त भितोय.

रविवारी नवरा बुटाची नाडी बांधत होता. ती दाराला पाठ लावून उभी राहिली आणि एका दमात सगळं सांगून टाकलं. ठोका, शपथ, सरांना मारलेली थाप, सगळं. म्हणाली, आता मला हाकललंत तरी चालेल, पण त्या माणसाला काही बोलू नका.

त्यानं बांधलेली गाठ सोडली, परत बांधली.

“जिन्यात पडला होता तो,” तो म्हणाला. “चाचणीच्या आधी दहाएक दिवस. मी कामावरून येत होतो. डोळ्यांसमोर अंधारी आली म्हणाला. मिनिटभर तरी शुद्ध नव्हती.”

“मला नाही सांगितलंत?”

“आईला सांगू नका म्हणाला. ती घाबरेल, शर्यत बंद करेल. शपथ घातली.”

तिला आधी अर्थच लागेना. मग लागला. ठोका चुकतो हे एकीला माहीत, चक्कर येते हे दुसऱ्याला. जेवायच्या वेळेला दोघांनी एकमेकांना एक वाक्य सांगितलं असतं तर दोघं त्याला बखोटीला धरून दवाखान्यात घेऊन गेले असते. पण हा पडला सिटी बसचा ड्रायव्हर, आज सकाळपाळी, उद्या दुपारपाळी, ती मशीनवर. बोलायचं ते पोरामार्फतच. आणि पोरानं दोघांनाही वेगवेगळं गाठून हसत हसत गप्प केलं.

“मेल्यानं दोघांनाही फसवलं,” ती म्हणाली.

वीस वर्षं दिवसातून दहादा हाच शब्द तिनं त्याला लाडानं, रागानं, जेवायला हाक मारताना वापरला होता. तोंडातून गेला तेव्हा तिला कळलं आपण काय बोललो, आणि ती तिथंच खाली बसली. तीन महिन्यांत पहिल्यांदा ती ओरडून रडली. नवरा एका पायात बूट घालून तिच्या शेजारी येऊन बसला. सरांवर का राग काढत होतात, असं तिनं मग विचारलं. तो म्हणाला, कुणावर तरी ढकलायचं होतं, माझ्याच्यानं एकट्यानं पेलवेना.

बैठकीला दोघं अर्धा तास उशिरा पोचले. क्लबची खोली म्हणजे एक लांब टेबल, भिंतीला टांगलेली चाकं आणि तेलाचा वास. सर टोकाच्या खुर्चीत बसले होते, परीक्षेत कॉपी करताना धरलेल्या पोरासारखे. अध्यक्षांनी ड्रायव्हरला बोलायला सांगितलं. तो उभा राहिला आणि म्हणाला, पत्र परत द्या.

“सरांचा दोष नाही. आम्हाला माहीत होतं.”

तो ‘आम्हाला’ म्हणाला. तिनं ते ऐकलं आणि तीही उठून उभी राहिली.

सर मात्र तिच्याकडंच बघत होते. म्हणाले, “वहिनी, म्हणजे कार्डिओग्राम काढलाच नव्हता?”

“नाही.”

सरांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. हळूच म्हणाले, मी कागद दाखवा म्हणायला हवं होतं. बाकीच्या प्रत्येक पोराचा कागद मी मागून घेतो. तुमचा नाही मागितला, कारण कागदात काही निघालं असतं तर त्याला घरी बसवावं लागलं असतं. अठरा वर्षांत एकच पोर तिथवर जाणारं मिळालं होतं.

एवढं बोलून ते थांबले. कुणीतरी उठावं, आपल्याला चांगलं खडसवावं, चार लोकांत नाही नाही ते बोलावं, म्हणून ती टेबलाची कड धरून वाट बघत राहिली. पण त्या खोलीत तिला बोल लावायला तोंड असलेलं कुणी उरलं नव्हतं.