हा फुई म्हणणारं यंत्र

कोरीटचा हेमकांत मुलगी पाहायला गेला, तेव्हा त्याच्या तोंडून बाहेर पडलेला एकुलता एक शब्द 'चहा' हा होता, असं दामिनीच्या माहेरी अजून सांगतात. मुलीकडच्यांनी हळूच चौकशी केली, मुलगा मुका तर नाही ना? मुका नाही. मोटार वाइंडिंगचं दुकान आहे, जळालेली मोटार नुसती हुंगून कुठली कॉइल गेली ते सांगतो. फक्त माणसांशी बोलायचं म्हटलं की गृहस्थाला एकेक शब्द विहिरीतून ओढून काढावा लागतो.

असा माणूस पन्नाशीला टेकल्यावर काय करतो? कोणी भजनात बसतो, कोणी ग्रामपंचायतीला उभा राहतो. हेमकांतने बोलणारं यंत्र बनवायला घेतलं.

बाजारचा कॉम्प्युटर त्याला चालत नव्हता. प्रोसेसर, म्हणजे कॉम्प्युटरचं डोकं, तेसुद्धा आपल्याच हाताचं पाहिजे! आयटीआयत शिकलेलं थोडं, मोबाइलवर पाहिलेलं बरंच, आणि टपालाने मागवलेल्या बारक्या बारक्या चिपा. पलंगाच्या जुन्या फळीवर त्या बसवून त्याने लाल-पिवळ्या वायरींचं असं जाळं विणलं की सुगरणीने लाजावं. तीन वर्षं गेली. त्या डोक्याला मोजून एकोणतीस हुकूम कळू लागले. हा आकडा उचल, त्या खणात ठेव, शून्य असेल तर अमुक पत्त्यावर उडी मार. शेजारचा पपईवाला भाईदास म्हणाला, "एकोणतीस? हेम्या, तुले सोतालेच इतलं समजस का?"

आता या डोक्याशी बोलायचं कसं? त्यासाठी टर्मिनल हवं. पडद्यावर 'बोल' अशी अक्षरं उमटावीत, माणसाने कीबोर्डवर 'दिवा' लिहावं, यंत्राने दिवा लावावा आणि पुन्हा 'बोल' म्हणून वाट बघत बसावं. अक्षरं इंग्रजी, शब्द आपले, जसे सगळे मोबाइलवर लिहितात तसे. ऐकायला सोपं, पण हे सगळं त्या एकोणतीस हुकमांतच लिहायचं होतं. त्या लिखाणाला असेंब्ली म्हणतात. कीबोर्डची कळ दाबली गेली हे ओळखायला वीस ओळी, कुठलं अक्षर आलं हे ओळखायला आणखी साठ. हेमकांतने दोन फुलस्केप वह्या भरल्या, आणि फळी, पडदा, वह्या मिळून मधल्या खोलीत असे पसरले की घरातल्यांना भिंतीला पाठ लावून सरकावं लागे.

दामिनीने बरंच सोसलं. चैत्र संपत आला तेव्हा मात्र तिने भर गल्लीत निकाल दिला. "आखाजीले माहेरवाशिणी येतीन. त्यास्ले काय वायरीस्वर निजाडू? आखाजीलगून हाई यंत्र घरना मानसासंगे धड बोलनं, तर राही. नहीतर भंगारवाला शेच."

आखाजी म्हणजे खानदेशातली अक्षय तृतीया. झोके, आमरस, खापरावरचे मांडे, आणि माहेरी आलेल्या बायांचं राज्य. भंगारवाल्याचं नाव ऐकून हेमकांत दोन दिवस नीट जेवला नाही. त्या फळीला पाठीमागून जरी कोणी हात लावला तरी तो हातातलं काम टाकून धावायचा, आणि इथे तर फळीच गाडीवर चढायची वेळ.

आखाजीच्या आदल्या दिवशी सकाळी सारंगखेड्याहून त्याची आत्या शांतीबाई फुई उतरली. फुईची ख्याती अशी की एसटीत बसली तर तिकीट काढायच्या आत कंडक्टरच्या सासरची माहिती काढते. शिक्षण सातवी, पण मोबाइलवर हातभर लांब निरोप पाठवणारी. दामिनीने तिलाच परीक्षक नेमलं. घरची, मोठी, आणि हेमकांतचा मुलाहिजा न ठेवणारी.

हेमकांत निर्धास्त होता. चार महिने रोज त्याने यंत्राची परीक्षा घेतली होती. 'दिवा' लिहिलं की दिवा लागे, 'पंखा' लिहिलं की पंखा फिरे, असे कामाचे आठ शब्द, एकदाही चूक नाही. त्याने फुईसाठी खुर्ची पुसली आणि म्हणाला, "लिख."

फुईने पदर खोचला. समोर कोणी 'बोल' म्हणतंय, तर आधी काय बोलतात? कामाचं? कोरीटात तरी नाही. इथे बँकेच्या खिडकीतसुद्धा आधी राम राम होतो. फुईने एका बोटाने सुरुवात केली. राम राम भाऊ, कसा शेस, जेवना का, तुन्हाकडे पानी शे का, आम्हना गावले यंदा केळी...

केळीपर्यंत पोचेतो पडद्यावर मुंग्यांचं वारूळ फुटलं. नाही नाही ती चिन्हं वरून खाली धावली, पंखा आपोआप फिरला, थांबला, आणि यंत्र ठार गप्प झालं.

"व माय!" फुई दचकली. "मी ते काहीच कयं नही!"

दारातून डोकावणारा भाईदास म्हणाला, "भंगारवालाले फोन लावू का, वहिनी?"

हेमकांतने वह्या पुढे ओढल्या. वही उघडली तेव्हा चूक पहिल्याच पानावर सापडली. माणूस लिहील ती ओळ ठेवायला त्याने बत्तीस अक्षरांची जागा राखली होती. त्याच्या हिशेबाने बत्तीस म्हणजे मोकळं रान, कारण त्याने स्वतः आयुष्यात सलग बत्तीस अक्षरं कोणाला बोललेली नाहीत. त्या जागेला लागूनच यंत्र, काम झाल्यावर परत कुठे जायचं, तो पत्ता ठेवत असे. फुईचा राम राम कुंपण ओलांडून थेट त्या पत्त्यावर जाऊन बसला. बिचारं यंत्र घरचा रस्ता विसरलं.

"फुई, थोडकामा लिख ना," तो अजिजीने म्हणाला.

"थोडकामा? मी काय तार करी ऱ्हायनू?"

मग त्याने घाईने दुरुस्ती केली. ओळीच्या मध्ये ओळ घुसवली तर पुढचे सगळे पत्ते सरकतात, म्हणून वहीच्या शेवटच्या पानावर चार ओळी लिहून मधून तिकडे उडी मारली. हे लिखाण ज्या चिपेत भरायचं ती पुसायला पाण्याच्या फिल्टरमधली जांभळी नळी होतीच, तिच्या उजेडात चिपेतलं जुनं लिखाण उडून जातं. पुसली, नव्याने भरली. आता बत्तीस अक्षरं झाली की यंत्र 'टूं' करी आणि पुढचं घेतच नसे.

फुई पुन्हा बसली. राम राम झाला, जेवना का झालं, आणि 'टूं'.

"हाई मन्हं तोंड दाबस!" फुई उठलीच. "मोठा मानूस राम राम करी ऱ्हायना, अन हाई टूं करस? दामिनी, दी दे भंगारमा!"

दामिनी हसली नाही, आणि हेमकांतला तेच जास्त लागलं. तो फळीजवळ जमिनीवर बसून राहिला. पलीकडे चुलीशी दामिनी मांड्यांसाठी पुरण शिजवत होती, आणि फुई पाटावर बसून तिला व्याहीण, व्याहिणीची बहीण आणि त्या बहिणीची म्हैस असं लांबलचक प्रकरण सांगत होती. दामिनी पुरण घोटता घोटता हुंकार भरत होती, "हा फुई... हा फुई." तिला म्हशीचं काही घेणं नव्हतं. पण मध्येच फुई बोलून गेली, "मन्हा ते घसाले कोरड पडनी, पानी बी कोनी इचारं नही," आणि वाक्य पुरं व्हायच्या आत फुईपुढे पाण्याचा तांब्या आला. म्हैस पुढे चालू.

हेमकांत ताडकन उठला. वीस वर्षं ही बाई त्याच्या डोळ्यांसमोर हेच करत होती! सगळं ऐकायचं, सोडून द्यायचं, आणि कामाचा शब्द आला की उठायचं.

त्याने वहीचं कोरं पान काढलं. आख्खी ओळ साठवायचीच कशाला? एक शब्द संपला की त्या आठ कामांच्या शब्दांशी ताडून बघायचा. जुळला तर काम करायचं, नाही तर तो पुसून पुढचा घ्यायचा. एक शब्द सोळा अक्षरांवर गेला तर उरलेली अक्षरं हवेत सोडायची. आणि ओळ संपली, तरी कामाचा शब्द सापडला नाही, तर? पेन क्षणभर थांबलं. मग त्याने चुलीकडे पाहून उत्तर लिहून टाकलं.

आखाजीच्या दुपारी आमरस-मांडे झाल्यावर फुईला हातापाया पडून खुर्चीवर बसवलं. तिच्या दोन्ही भाच्या, म्हणजे हेमकांतच्या बहिणी, झोका सोडून दारात आल्या. भंगारवाल्याची गाडीही गल्लीत आली होती. ती भाईदासने बोलावली की सणाला सहज आली, हे त्याने शेवटपर्यंत सांगितलं नाही.

फुईने रागारागाने राम राम लिहिला. पडद्यावर उमटलं, 'हा फुई'.

फुईच्या भुवया वर गेल्या. तिने केळी लिहिली. 'हा फुई'. व्याहीण, बहीण आणि म्हैस लिहिली. 'हा फुई'. आता तिचं बोट सुटलं. तिने थेट नवऱ्याच्या आळशीपणाला हात घातला. तुन्हा फुवा जनमभर असाच, सांजले घरमा दिवा...

टक. डोक्यावरचा दिवा लागला.

फुई दिव्याकडे बघतच राहिली. मग पदराने डोळे पुसत म्हणाली, "दखा व बाया! पस्तीस वरीसमा तुमना फुवा उठनात नही. याने आयकं!"

भंगारवाला आमरस पिऊन रिकामी गाडी घेऊन गेला. फुईने हुकूम सोडला की यंत्र जागचं हलायचं नाही, माहेरवाशिणी ओट्यावर निजतील, वारा चांगला लागतो. पुढले तीन दिवस खुर्चीवर तीच होती, आणि यंत्राच्या मालकाला स्वतःच्या यंत्रापाशी नंबर लावावा लागला. भाईदासनेही एकदा ऐटीत मिशीवरून हात फिरवून आपलं नाव लिहिलं. यंत्र म्हणालं, 'हा फुई'. तेव्हापासून गल्ली भाईदासलाच या नावाने हाक मारते.

हेमकांत ते उत्तर बदलायला निघाला होता, पण दामिनीने जांभळी नळी लपवून ठेवली आहे. पाहुण्या गेल्यावर एका सकाळी ती स्वतः खुर्चीवर बसली आणि सावकाश लिहिलं, ज्वारीचा डबा भरून ठेवला आहे, गिरणीत कोण जाईल?

'हा फुई'.

तिने वळून नवऱ्याकडे पाहिलं. हेमकांतने घसा खाकरला, डबा खांद्यावर घेतला, आणि उंबऱ्यात थांबून म्हणाला, "मी जास. बारीक दळू का जाड?"

सलग इतका बोलला. दामिनीने ही बातमी दुपारच्या आत गल्लीभर पोचवली.