नुक्ते नसलेल्या वह्या

आमच्या गावात गाद्या भरणारे एक चाचा होते. जातीनं पिंजारी. कापूस पिंजायचं मोठं धनुष्य खांद्यावर टाकून ते कुरुंद्याहून निघत आणि पार सेनगावकडच्या खेड्यांपर्यंत पायी फिरत. सोबत त्यांची धाकटी बहीण असे. ती फार लवकर विधवा होऊन भावाच्या घरी परत आली होती. चाचा कापूस पिंजायचे, ती खोळी शिवायची. सगळं गाव तिला फुफी, म्हणजे आत्या, म्हणायचं. मीही तेच म्हणते.

आमच्या बुद्धवाड्यात कापसाची गादी भरून घेणारं घर तेव्हा एखादंच. तरी चाचा यायचे. आम्हा लेकरांना गोळा करून विचारायचे, "घोसला दिसला का रे कुठं? खाली पाहिजे. पिल्लं उडून गेलेला."

असं रिकामं घरटं दाखवलं की ते स्वतः झाडावर चढत, फांदीसकट हळूच काढत आणि एक चिठ्ठी बांधत. चिठ्ठीवर फक्त आकडा. बाकीचं वहीत. कोणतं झाड, कोणाचा बांध, कोणता महिना, कोणता पक्षी. मी एकदा हौसेनं अंडी असलेलं घरटं तोडून आणलं होतं. चाचा रागावले नाहीत. भर उन्हात मला घेऊन त्या बोरीपर्यंत चालत गेले, घरटं होतं तसं अडकवलं आणि लांब बसून राहिले. दिवस कलला तरी पाखरू आलं नाही. परत येताना ते माझ्याशी एक शब्द बोलले नाहीत. मी आठ-नऊ वर्षांची असेन.

पुढे मी शिकले आणि वसमतला एका शाळेच्या प्रयोगशाळेत कामाला लागले. चाचा वारले तेव्हा मातीला गावातली माणसं होती, पण हा माणूस काय करत होता हे कुणाच्या ध्यानात नव्हतं. ध्यानात आलं ते आमच्या गावच्या पोस्टमनकाकांच्या. निवृत्त झाल्यावर ते फुफीची विचारपूस करायला गेले, तर माळवदाखाली मिठाईच्या खोक्यांची चळत. प्रत्येक खोक्यात एक घरटं. शेजारी पत्र्याच्या पेटीत वह्या.

काका मला शाळेत भेटायला आले. म्हणाले, "पोरी, तू त्या प्रयोगशाळेत बेडूक-बिडूक सांभाळतीस ना? हे सांभाळायला चल."

असा आमचा गट जमला. काका, मी, गावातला एक मेडिकलवाला भाऊ आणि वसमतच्या उर्दू शाळेतले एक सर. ग्रामपंचायतीनं बंद पडलेल्या वाचनालयाची खोली दिली. एका शाळेनं काढून टाकलेली काचेची कपाटं आम्ही ट्रॅक्टरमधून आणली. डांबराच्या गोळ्या टाकल्या, वाळवीचं औषध मारलं. दारावर संग्रहालयाची पाटी लावली. रविवारी उघडायचं ठरलं.

घरटी तर मांडली, पण ती कुणाची? नांदेडहून प्राणिशास्त्राचे एक प्राध्यापक येऊन गेले. सुगरण, शिंपी, शिंजीर ही त्यांनी झटक्यात ओळखली. मग कोळ्याच्या जाळ्यांनी लिंपलेल्या लहान वाट्यांसारख्या घरट्यांपाशी थांबले. "हे नाचणचं की सुभगचं, नुसतं बघून सांगता येत नाही," म्हणाले. "आणि खरं मोल पक्ष्याच्या नावापेक्षा जागेचं आहे. वहीत असेल तर बघा."

वह्या उर्दूत होत्या. उर्दूचे सर पहिल्या दिवशी मोठ्या उत्साहानं बसले आणि पाऊण तासानं चष्मा काढून म्हणाले, "चाचा नुक्ते देतच नव्हते."

मला त्यांनी समजावलं. त्या लिपीत अक्षराच्या वरखालचे ठिपकेच सांगतात की हा ब आहे, प आहे, त आहे की न. ते नुक्ते काढून टाकले की राहते नुसती वाकडी रेघ. चाचा शेताच्या बांधावर उभ्या उभ्या लिहीत. तेवढी सवड त्यांना नसे. शिवाय पक्ष्यांची नावंही त्यांनी स्वतःच ठेवलेली. एक 'कपास चोर', एक 'झूलेवाली', एक 'हल्दीबाई'. हे शब्द कुठल्या पुस्तकात सापडणार?

ते वाचू शकणारं माणूस एकच होतं. मुक्कामावर चाचा लिहिलेलं फुफीकडून वाचून घेत आणि चुकलं तर तिथंच दुरुस्त करत. चौथीपर्यंत शिकलेल्या फुफीला त्या रेघा पाठ होत्या.

मग दर रविवारी सकाळी आम्ही तिच्या ओसरीवर बसू लागलो. फुफी वही डोळ्यांजवळ धरून वाचायची, सर लिहून घ्यायचे, मी मोबाईलवर आवाज रेकॉर्ड करून ठेवायची. "वारंगा फाटा. सडक के किनारे का बबूल. कपास चोर." ती बाभूळ आता नाही. तिथली सगळी झाडं रस्ता रुंद करताना गेली. कुरुंद्याच्या शिवारातले बोरी-हिवरांचे बांध जेसीबीनं साफ करून लोकांनी हळद लावली. चाचांच्या वहीतली जागा विचारत गेलो की लोक हात करायचे, "हितं व्हतं झाड. आता कशाचं." घरटं आमच्याकडे, झाड कुठंच नाही. असं रविवारमागून रविवार होऊ लागलं तशी मला घाई सुटली. वही संपली पाहिजे, एवढंच डोक्यात.

त्यातच फुफी कडेच्या वस्तूंना अडखळू लागली. मी तिला नांदेडला नेलं. डॉक्टरांनी काचबिंदू सांगितला. "गेलेली नजर येत नाही. राहिलेली टिकवायची. थेंब चुकवू नका." बाहेर बाकावर बसल्यावर फुफीनं विचारलं, "कित्ते दिन?" मी म्हणाले, डॉक्टर काही बोलले नाहीत. खरं म्हणजे मीच विचारलं नव्हतं. माझ्या मनात तेव्हा तिच्या डोळ्यांआधी उरलेल्या वह्या आल्या होत्या. हे लिहिताना लाज वाटते, पण आल्या होत्या.

आम्ही रविवारच्या जोडीला गुरुवारही धरला. मोठं भिंग आणलं. फुफीनं कधी नाही म्हटलं नाही. डोकं दुखायला लागलं की पदरानं डोळे दाबायची आणि म्हणायची, "चलो, अगला."

पावसाळ्यानंतरचा एक रविवार होता. फुफी वाचत होती, "सेनगाव के आगे, नाले पे, जामुन का झाड." आवाज स्वच्छ होता, थांबणं नाही, अडखळणं नाही. मला बरं वाटत होतं. तेवढ्यात सरांनी लेखणी खाली ठेवली. वहीकडे बघत राहिले आणि अगदी हळू आवाजात म्हणाले, "फुफी, वही उलटी है."

फुफीचे हात तसेच राहिले.  मग तिनं वही मिटून मांडीवर ठेवली.

"कब से?" सरांनी विचारलं.

"मालूम नहीं बेटा. ईद के पहले तक थोडा दिखता था."

"मग काहून सांगितलं न्हाई?" काका म्हणाले. त्यांचा आवाज चढला होता.

"तुम लोग इत्ती आस लगाके बैठते," फुफी म्हणाली. "मेरेकू लगा, भाई का काम रुक जाएगा. सब मनगढंत नहीं बोली मैं. याद था वो बोली. कुछ कुछ जोड़ी."

कोणतं आठवणीतलं आणि कोणतं जोडलेलं, हे तिलाही सांगता येईना. मधल्या महिन्यांत तिनं सांगितलेलं सगळं आम्ही सुंदर अक्षरात लिहून कपाटात लावलं होतं. शाळेची मुलं येऊन वहीत उतरवून गेली होती. त्या दिवशी दुपारी काकांनी आणि मी त्यातलं एकेक लेबल काढलं. काका लेबलाचा कागद फाडत नव्हते, घडी करून खिशात ठेवत होते. खिसा फुगला तेव्हा म्हणाले, "आता बास. आमच्यानं हे बघवत न्हाई." आणि बाहेर जाऊन पायरीवर बसले.

पुढच्या रविवारी फुफीनंच निरोप धाडला. घरटी घेऊन या. वही नको. हातानं सांगते.

पहिलं घरटं मी तिच्या ओंजळीत ठेवलं. तिनं बोटांनी कड चाचपली, आत अंगठा फिरवला. "ये कुरुंदे का ही है. मस्जिद के पीछे की करवंद की जाळी. हल्दीबाई. उस दिन भाई के पाँव में काँटा घुसा था, मैं सुई से निकाली." तिचा चेहरा असा उजळला की आम्ही सगळे हसलो. सर खात्रीनं म्हणाले, "ये बराबर है. ये याद है उनको." मी घरटं परत घ्यायला हात पुढे केला तर तिच्या ओंजळीत भुसा होता. चिठ्ठीचा दोरा आणि भुसा. इतक्या वर्षांचं वाळलेलं गवत ते, बोटांचा दाब कसा सोसणार?

फुफीला ते कळलं. "टूटा क्या?" तिनं विचारलं.

"थोडंसं," मी म्हणाले.

त्या सकाळी अशी सहा घरटी झाली. सहांचंही नाव मिळालं, झाड मिळालं. एकही घरटं उरलं नाही.

संग्रहालयात आल्यावर आमचं कडाक्याचं भांडण झालं. मेडिकलवाला भाऊ म्हणाला, "घरटं नुसतं ठेवून काय करायचं? माहिती पाहिजे. फोटो काढून ठेवू अन् सगळी देऊ तिला." काकांनी टेबलावर हात आपटला. "त्या माणसानं जिंदगीभर फांदीसकट काढून आणली. पाखराला तकलीफ नको म्हणून थांबून थांबून आणली. अन् तुमी चुरा करून राहिले? माझ्यासमोर न्हाई व्हायचं." सर दोघांच्या मधे बोलत राहिले. शेवटी ठरलं, थांबायचं. हात मी पण वर केला.

आणि बुधवारी मी शाळेतून अर्ध्या दिवसाची रजा टाकली, वसमतहून एसटीनं कुरुंद्याला आले, माझ्याकडच्या किल्लीनं संग्रहालय उघडलं आणि ती कोळिष्टकांनी लिंपलेली तीन लहान घरटी खोक्यात घेतली. ज्यांच्यापाशी प्राध्यापक थांबले होते तीच.  फुफी म्हातारी होती, हिवाळ्यात दमा वाढायचा. ती गेली की सगळंच गेलं, हे एकच वाक्य डोक्यात फिरत होतं. झोप लागत नव्हती.

फुफी उन्हात एकटीच बसली होती. मी आवाज दिला. "अकेली आई बेटी?" तिनं विचारलं. मी हो म्हणाले. तिनं ओंजळ पुढे केली.

पहिलं घरटं तिनं बराच वेळ चाचपलं. नाकाजवळ नेऊन वास घेतला. ओठ हलले. मग म्हणाली, "मालूम नहीं."

मी दुसरं दिलं.  ते तर तिच्या बोटांत जाताच उकललं. "मालूम नहीं बेटी."

तिथं थांबायला हवं होतं. मी तिसरं दिलं. फुफीनं ते धरलं आणि ती रडायला लागली. "सब एक जैसे लगते. मेरेकू भाई का चेहरा भी याद नहीं आ रहा. नक्को देऊ अब. नक्को."

मी तिच्या मांडीवरचा भुसा गोळा केला. तीन चिठ्ठ्या वेगळ्या काढल्या. तिला पाणी दिलं. 

रविवारी मी गटाला सगळं सांगितलं. भाऊ खाली बघत राहिला. सर "या अल्ला" एवढंच म्हणाले. काका मला शिव्या देतील असं वाटलं होतं, देतील तर बरं असंही वाटलं होतं. ते उठले, कपाटापाशी गेले आणि त्या तीन रिकाम्या जागांवर बोट ठेवून उभे राहिले. मग म्हणाले, "किल्ली माझ्याजवळ दे." मी दिली.

त्यानंतर काकांनी नवीन लेबलं लिहिली. ज्यांची खात्री होती त्यांच्यावर नाव आणि झाड. बाकीच्यांवर एकच मजकूर : नाव माहीत नाही. जागा माहीत नाही. अशीच लेबलं जास्त आहेत. मधे एका शाळेची सहल आली, तेव्हा एका मुलीनं विचारलं, "मॅडम, माहीत न्हाई तर ठेवलं काहून?" मी म्हणाले, ज्यांनी आणलं त्यांना माहीत होतं. तिला ते पटलं नाही. तोंड वाकडं करून ती पुढे गेली. मला तरी कुठं पुरतं पटलं होतं?

भाऊनं हळूहळू येणं सोडलं. सर अधूनमधून येतात, वह्या उघडून बसतात आणि एखादा शब्द लागला तर फोन करतात. मागच्या पूर्ण महिन्यात दोन शब्द लागले. काका मात्र दर रविवारी येतात. काही आठवड्यांनी त्यांनी किल्ली परत माझ्या हातात ठेवली. त्यांचे गुडघे दुखतात, मी लवकर येते, एवढंच कारण दिलं.

फुफीकडे मी जायची बंद झाले होते. मग तिनंच शेजारच्या बाईकडून विचारलं, थेंब कोण टाकणार? तेव्हापासून जाते. वह्यांचा विषय ती काढत नाही, मीही काढत नाही. काल गेले तर म्हणाली, "कोई आता क्या वहाँ?"

"या रविवारी कुणी नाही आलं, फुफी."

"दरवाजा तो खुला रखते ना?"

"हौ."

तिनं मान मागे टाकली. मी खालची पापणी ओढून दोन्ही डोळ्यांत एकेक थेंब टाकला आणि डोळे मिटून घे म्हणाले. तिनं मिटून घेतले.